एकच ओव्हरी असताना दिवस राहण्यासाठी काय बघायचं, काय सोडून द्यायचं

माझी उजवी ओव्हरी सत्ताविसाव्या वर्षी गेली. डर्मॉइडची (केस, चरबी भरलेली, सहसा कर्करोग नसलेली) गाठ होती, तिच्या वजनाने ओव्हरीला पीळ पडला आणि ऑपरेशनमध्ये ओव्हरीबरोबर उजवी ट्यूबही काढावी लागली. पुढे डाव्या ओव्हरीच्या भरवशावर, थोड्याशा गोळ्यांच्या मदतीने, मला मुलगी झाली. तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी माझा नंबर एखाद्या घाबरलेल्या मुलीला देत असतं. मी डॉक्टर नाही. हिशेब तपासणं हे माझं काम, त्यामुळे फायली नीट लावायची आणि रिपोर्टातल्या आकड्यांना उलटे प्रश्न विचारायची खोड आहे. फोनवर सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते. तुमच्या केसबद्दल तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, पण त्यांना काय काय विचारायचं ते मात्र इथून घेऊन जा.

शक्यता अर्धी होते का?

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे ताई, आता चान्स अर्धाच ना?" नाही.

दोन ओव्हरी असलेल्या बाईचंही महिन्याला बहुतेक वेळा एकच स्त्रीबीज बाहेर पडतं. पाळी सुरू होते त्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं हार्मोन सोडते. त्याच्या जोरावर बरेच छोटे फॉलिकल, म्हणजे बीज पोटात असलेले पाण्याचे इवले फुगे, वाढायला लागतात. त्यातला एक पुढे निघतो, इस्ट्रोजेन बनवायला लागतो, त्याने एफएसएच खाली येतं आणि मागे राहिलेले फॉलिकल उपासमारीने विरून जातात. ही चढाओढ दोन्ही ओव्हरींत मिळून एकच असते. एक ओव्हरी गेली की स्पर्धक कमी होतात, स्पर्धा रद्द होत नाही. उरलेल्या ओव्हरीतला कुणीतरी जिंकतोच, आणि तोही दर महिन्याला.

"एक महिना डावी, एक महिना उजवी" असं ओव्हरींनी महिने वाटून घेतलेले असतात, हा समज फार पसरलेला आहे. दोन्ही ओव्हरी असतानाही ही वाटणी काटेकोर नसते; सलग दोन-तीन महिने एकाच बाजूने बीज बाहेर पडणं अगदी नेहमीचं. तेव्हा एक आड एक महिना वाया जातोय, असं धरून कॅलेंडरवर फुल्या मारत बसू नका.

साठ्याचं काय? जन्माच्या वेळी मुलीच्या दोन्ही ओव्हरींत मिळून साधारण १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात, पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात, आणि सगळ्या आयुष्यात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००. बाकीची सगळी आपली आपण विरतात, गोळ्या घ्या, उपास करा, नाहीतर काहीही करा. त्यामुळे साठा निम्मा झाला तरी रजोनिवृत्ती पन्नाशीवरून पंचविशीत येत नाही. एक ओव्हरी काढलेल्या बायकांची पाळी इतरांपेक्षा सरासरी वर्षभर लवकर थांबते. वर्षभर म्हणजे काहीच नाही असं नाही, त्याचा विषय पुढे येईल. पण लोक घाबरतात त्याच्या जवळपासही नाही.

मग कशाने फरक पडतो? सगळ्यात आधी वयाने. तिशीच्या आतल्या निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता २० ते २५ टक्के असते, आणि नियमित संबंध असतील तर वर्षभरात शंभरातल्या ८० ते ८५ जोडप्यांना यश येतं. पस्तिशीनंतर हा आकडा उतरायला लागतो आणि चाळिशीला महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास येतो. हे दोन ओव्हरीवालीलाही लागू. दुसरा फरक पडतो तो ओव्हरी का गेली याने. साधी डर्मॉइड किंवा पीळ असेल तर मागे फारसं काही शिल्लक राहत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), पोटातला जंतुसंसर्ग किंवा केमोथेरपी असेल तर उरलेल्या ओव्हरीला आणि ट्यूबलाही झळ लागलेली असू शकते. "एकच ओव्हरी आहे" एवढ्या माहितीवर कुणी तुमची शक्यता सांगत असेल तर त्या माणसाने अजून फाइल उघडलेली नाही असं समजा.

आणि हो, "उजवी गेली म्हणजे आता मुलगा होणार नाही का?" हा प्रश्न मला चक्क शिकलेल्या बाईने विचारलाय. उजवी बाजू मुलग्यांची आणि डावी मुलींची ही कल्पना प्राचीन ग्रीसमधल्या अ‍ॅनाक्सागोरसच्या नावावर सांगितली जाते, म्हणजे अडीच हजार वर्षं जुनी आहे. स्त्रीबीजात कायम एक्सच असतो. मुलगा की मुलगी हे शुक्राणू एक्स घेऊन आला की वाय, यावर ठरतं, आणि आपण कुठल्या बाजूच्या ओव्हरीतून आलेल्या बीजाकडे चाललोय हे त्याला ठाऊक नसतं.

आधी कागद गोळा करा

प्रयत्न सुरू करायच्या आधी ज्या ठिकाणी ऑपरेशन झालं तिथून तीन गोष्टी मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स आणि बायोप्सीचा रिपोर्ट. बहुतेकींकडे फक्त डिस्चार्ज कार्ड असतं आणि त्यावर एका ओळीत ऑपरेशनचं नाव. खरी माहिती ऑपरेशन नोट्समध्ये असते, आणि ती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. वर्षं गेली की जुने कागद शोधणंही अवघड होतं, म्हणून लग्न-मूल डोक्यात नसलं तरी आजच मागा.

त्यात हे शोधायचं: फक्त ओव्हरी काढली की ट्यूबसुद्धा? 'ऊफोरेक्टमी' असेल तर ओव्हरी, 'सॅल्पिंगो-ऊफोरेक्टमी' असेल तर ट्यूबसकट. बाजू कुठली? दुसरी ओव्हरी आणि दुसरी ट्यूब दिसायला कशी होती? आतडं, गर्भपिशवी, ट्यूब एकमेकांना चिकटलेली होती का? गाठ आत फुटली का? माझ्या नोट्समध्ये खाली एक ओळ होती, 'डावी ओव्हरी व ट्यूब नॉर्मल, चिकटलेलं काही नाही'. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांनी बाकीचं पान सोडून तीच ओळ दोनदा वाचली.

ओव्हरी एका बाजूला आणि ट्यूब दुसऱ्या बाजूला अशी उलटसुलट उरलेल्या मुली तर पार खचलेल्या असतात. त्यांना मुद्दाम सांगते: ट्यूब ओव्हरीला जोडलेली नसते. तिच्या टोकाला झालर असते, ती हलत असते, आणि बाहेर पडलेलं बीज पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत आलं तर समोरच्या बाजूची ट्यूबसुद्धा ते उचलू शकते. ट्यूबमध्ये राहिलेल्या गर्भांच्या ऑपरेशनांत डॉक्टरांना हे नेहमी दिसतं, गर्भ एका बाजूच्या ट्यूबमध्ये आणि बीज ज्यातून बाहेर पडलं ती खूण दुसऱ्या बाजूच्या ओव्हरीवर. दोन्ही एकाच बाजूला असतील तर अर्थातच बरं, पण विरुद्ध बाजूंना असणं म्हणजे दार बंद नव्हे.

काही जणींची ओव्हरी काढलेली नसते, जन्मतःच नसते किंवा विकसित झालेली नसते, आणि हे सोनोग्राफीत अचानक कळतं. तसं असेल तर पिशवीचा आकार आणि दोन्ही किडन्या एकदा तपासून घ्या. हे अवयव गर्भात जवळजवळच तयार होतात, त्यामुळे पिशवी अर्धीच असणं किंवा त्या बाजूची किडनी नसणं असं सोबत आढळू शकतं. अर्ध्या पिशवीत गर्भपाताची आणि लवकर प्रसूतीची शक्यता जास्त असते, तेव्हा हे दिवस राहायच्या आधी माहीत असलेलं चांगलं.

सोनोग्राफीला गेल्यावर टेबलावर आडवं व्हायच्या आधीच सांगा की कुठली ओव्हरी नाही. मी एकदा काहीच न बोलता पडून राहिले. रिपोर्ट आला: 'दोन्ही ओव्हरी आकाराने नॉर्मल'. माझी उजवी ओव्हरी तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती! रिपोर्टाचा साचा संगणकात तयार असतो, तो तसाच छापला गेला. हसण्यावारी नेलं खरं, पण तो कागद पुढच्या डॉक्टरांच्या हातात पडला असता तर नसता घोळ झाला असता. परत जाऊन दुरुस्त करून आणला.

पहिले काही महिने घरच्या घरी

फोलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्नांच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतात, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत ते काम संपत आलेलं असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासा. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर थांबा. सिगरेट असेल तर बंद. हे सगळ्यांनाच सांगतात, पण आपल्या बाबतीत जास्त लागू आहे, कारण धूम्रपानानेसुद्धा पाळी एक-दोन वर्षं लवकर थांबते, आणि आपण आधीच एक वर्ष देऊन बसलोय.

आता दिवस मोजणं. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीज बाहेर पडतं. मागच्या पाळीपासून नव्हे, पुढच्या पाळीच्या आधी. म्हणजे २६ दिवसांचं चक्र असेल तर बाराव्या दिवसाच्या आसपास, ३० दिवसांचं असेल तर सोळाव्या, ३४ असेल तर विसाव्या. बीज जगतं १२ ते २४ तास, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. त्यामुळे कामाचे दिवस सहा: बीज बाहेर पडायचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. त्या काळात एक दिवसाआड संबंध आले तरी पुरतं. 'आजच, आत्ताच' असा फतवा काढला की नवरा-बायकोचं नातं परीक्षेच्या वेळापत्रकासारखं होतं, आणि त्याने बीज काही लवकर येत नाही.

मोबाइलमधली अ‍ॅप मागच्या तारखांवरून अंदाज बांधतात. त्यांना तुमच्या पोटातलं काही दिसत नसतं. त्यापेक्षा अंगावरून जाणारा स्राव बघा. तो पाण्यासारखा, मग पारदर्शक आणि बोटांत धरून ताणला तर तार येईल असा झाला की समजायचं बीज जवळ आलंय. एलएच (बीज बाहेर पडायच्या आधी एकदम वाढणारं हार्मोन) दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, लघवीत बुडवायच्या. चाचणीची रेघ नियंत्रण रेघेइतकी किंवा जास्त गडद झाली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडण्याची शक्यता असते. पीसीओएस (ओव्हरीत बरेच छोटे फॉलिकल अडकून बीज अनियमित बाहेर पडणं) असेल तर मात्र एलएच मुळातच चढं असू शकतं आणि पट्टी उगाचच 'हो' म्हणत राहते. सकाळी उठल्याउठल्या घेतलेलं तापमान बीज गेल्यानंतर साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं, पण ते गेल्यावर कळतं, त्यामुळे तारीख पकडायला उपयोग नाही. बीज बाहेर पडतंय की नाही याची खात्री करायला आहे. मी दोन-तीन चक्रं तापमान लिहून काढलं आणि सोडून दिलं. रोज सकाळी डोळे उघडायच्या आत थर्मामीटर तोंडात घालणं माझ्या स्वभावाला झेपलं नाही.

एकाच बाजूने दर महिन्याला मधल्या दिवसांत हलकं दुखणं हे आपल्याकडे साहजिक आहे, दुसरी बाजूच नाही. सहन होण्यासारखं, एखाद-दोन दिवसांत जाणारं असेल तर त्याची धास्ती घेऊ नका.

किती थांबायचं आणि तपासण्या कुठल्या

पस्तिशीच्या आत असाल, पाळी नियमित असेल आणि ओव्हरी साध्या कारणाने गेली असेल तर वर्षभर प्रयत्न करायला हरकत नाही. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने. चाळिशी आली असेल, चक्र ३५ दिवसांहून लांब जात असेल, किंवा एंडोमेट्रिओसिस, केमो, पोटातला जंतुसंसर्ग, आधी ट्यूबमध्ये राहिलेला गर्भ यातलं काही इतिहासात असेल तर अजिबात थांबू नका, प्रयत्नांबरोबरच तपासणी सुरू करा.

सगळ्यात आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. हो, आधी. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचा काही ना काही वाटा असतो. पण बायकोची एक ओव्हरी नाही हे एकदा कळलं की सगळ्यांना कारण सापडल्यासारखं वाटतं आणि त्याची तपासणी राहूनच जाते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी परत. सुईसुद्धा टोचावी लागत नाही. माझ्या ओळखीत एका मुलीने एचएसजी (ट्यूबची तपासणी, पुढे येते), रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, सगळं करून झाल्यावर नवऱ्याचा रिपोर्ट काढला. शुक्राणूंची संख्या अगदीच कमी निघाली. तिची एकुलती एक ओव्हरी बिचारी इमानेइतबारे काम करत होती.

बीज बाहेर पडतंय का हे बघायला पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात. 'एकविसाव्या दिवशी' असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण ते २८ दिवसांच्या चक्राला. तुमचं चक्र ३५ दिवसांचं असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी जा, नाहीतर रिपोर्ट उगाच कमी येईल. दुसरा मार्ग म्हणजे फॉलिक्युलर स्टडी, एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. पडद्यावर ओव्हरी करड्या रंगाची दिसते आणि फॉलिकल काळेभोर गोल. पुढे निघालेला गोल रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढतो, १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान फुटतो. फुटल्यावर तो सुरकुतलेला दिसतो आणि पिशवीच्या मागे थोडं पाणी जमलेलं असतं. माझ्या सोनोग्राफीच्या डॉक्टर ते पाणी कर्सरने दाखवून म्हणाल्या, "ही बघा पावती." हिशेबवाल्या बाईला हे फारच पटलं.

आता एएमएच. या तपासणीने जेवढी रडारड होते तेवढी दुसऱ्या कशानेही होत नसेल. एएमएच हे छोट्या फॉलिकलमधून येणारं हार्मोन आहे, त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. ओव्हरी एकच असेल तर आकडा कमी येणारच. दोन दुकानांच्या विक्रीशी एका दुकानाची विक्री ताडून बघण्यातली गत. शिवाय गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो आणखी खाली दिसतो. मुख्य म्हणजे एएमएच सांगतं ते संख्येबद्दल: आयव्हीएफची, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या उपचाराची, इंजेक्शनं दिली तर बीजं साधारण किती मिळतील. बीजं चांगली आहेत का, किंवा नैसर्गिकरीत्या दिवस राहतील का, हे ते सांगत नाही. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायका पाहिल्या होत्या. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी निघाली नाही. म्हणून कमी एएमएचचा अर्थ 'होणार नाही' असा लावू नका. 'वेळ फार दवडू नका' एवढाच लावा. त्याच्या जोडीला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल, आणि सोनोग्राफीत छोट्या फॉलिकलची मोजणी. तिन्ही एकत्र वाचायचे असतात.

एचएसजी म्हणजे पिशवीत रंगद्रव्य सोडून ट्यूब उघडी आहे का ते एक्स-रेवर बघणं. ट्यूब एकच असेल तर ही तपासणी सोडू नका. पाळीचं रक्त थांबल्यानंतर आणि बीज बाहेर पडायच्या आधी करतात. दुखतं, तासभर आधी वेदनाशामक घेऊ का, हे विचारून ठेवा. रिपोर्टात 'ट्यूब पिशवीजवळ बंद' आलं तर लगेच हातपाय गाळू नका. दुखण्याने ट्यूबचा तिथला स्नायू आवळला तरी तसं दिसतं. तपासणी पुन्हा करायची का, दुर्बिणीतून खात्री करायची का, हे विचारा. टोकाला बंद होऊन पाणी भरलेली ट्यूब मात्र वेगळी गोष्ट. ते पाणी पिशवीत उतरतं, आणि आयव्हीएफ करायचं असेल तर आधी ती ट्यूब काढायला किंवा बांधायला सांगतात.

उपचाराची पाळी आली तर

बीज नियमित बाहेर पडत नसेल तर पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. माझं काम यावरच झालं. एक ओव्हरी आहे म्हणून डोस दुप्पट, असं काही नसतं. गोळ्या, आययूआय (वीर्य थेट पिशवीत सोडणं), मग आयव्हीएफ ही पायरी सगळ्यांचीच. आपल्याला त्यातल्या पायऱ्या लवकर चढायला सांगतात, ते वयावर आणि साठ्यावर.

आयव्हीएफमध्ये मात्र एकच ओव्हरी असणं खरोखर जाणवतं. इंजेक्शनांचा डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि बीजं कमी मिळतात. शेजारच्या खुर्चीवरची बाई "मला पंधरा मिळाली" म्हणते आणि आपल्या पदरात पाच. बीजं कमी म्हणजे गर्भ कमी, म्हणजे एका फेरीतली शक्यताही थोडी कमी. हे आधीच समजून घेतलं तर नंतर जिवाला लागत नाही. डॉक्टरांना विचारा की दोन फेऱ्यांतले गर्भ गोठवून साठवायचे का. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या, आयव्हीएफने जन्मलेलं पहिलं मूल, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईस ब्राउन, ही इंजेक्शनांशिवाय, नैसर्गिक चक्रात मिळालेल्या एकाच बीजापासून झाली.

उरलेली ओव्हरी जपायची

यावर बोलायला डॉक्टरांना वेळ मिळत नाही म्हणून मी जास्त बोलते.

ओटीपोटात एका बाजूला अचानक जोरात कळ, बरोबर मळमळ किंवा उलटी, कळ थोडी ओसरून परत येणं: हे पिळाचं दुखणं असू शकतं. गोळी घेऊन सकाळपर्यंत बघू, असं करायचं नाही. पिळात आधी परत जाणारं रक्त अडतं, ओव्हरी सुजते, मग येणारंही अडतं. हातात काही तासच असतात. इमर्जन्सीत पोचल्यावर पहिलं वाक्य हे: "मला एकच ओव्हरी आहे, पिळाची शंका आहे." डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाहीच असं होत नाही, त्यामुळे दुखणं थांबत नसेल तर घरी जायची घाई करू नका. आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना सांगा, शक्य तितकं पीळ सोडवून ओव्हरी ठेवा. निळीकाळी पडलेली ओव्हरीही पीळ सोडवल्यावर बहुतेक वेळा सावरते. पूर्वी ती दिसताक्षणी काढून टाकत, आता तसं करत नाहीत. एकदा पीळ पडून गेलेल्या आणि एकच ओव्हरी उरलेल्या बाईची ओव्हरी टाका घालून जागेवर बांधतात, त्याबद्दलही विचारता येतं.

गाठी. बीज बनवणाऱ्या ओव्हरीत पाण्याच्या गाठी येत-जात राहतात आणि बहुतेक दोन-तीन चक्रांत आपोआप विरतात. रिपोर्टात 'सिस्ट' हा शब्द दिसला की ऑपरेशनची तारीख घेऊ नका. सहा ते बारा आठवड्यांनी परत सोनोग्राफी करून बघायची का, हे विचारा. डर्मॉइड मात्र विरत नाही. शंभरातल्या दहा-पंधरा जणींत ती दोन्ही बाजूंना असते, म्हणून डर्मॉइडने एक ओव्हरी गेली असेल तर दुसरीची अधूनमधून सोनोग्राफी हवीच. पाच सेंटिमीटरच्या पुढे गाठ गेली की पिळाचा धोका वाढतो.

ऑपरेशन करावंच लागलं तर सर्जनला हे विचारून घ्या: फक्त गाठ काढणार ना, ओव्हरी ठेवणार ना? रक्त थांबवायला जाळणार की टाके घालणार? (जाळण्याने आजूबाजूची बीजंही होरपळू शकतात.) आत गेल्यावर बेत बदलावा लागला तर कुठल्या परिस्थितीत? चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे ओव्हरीत होणारी गाठ) असेल तर आणखी एक: आधी बीजं गोठवून ठेवायची का? कारण ती गाठ सोलताना चांगली ओव्हरीही थोडी सोलली जाते, आणि आपल्याकडे राखीव दुसरी नाही. केमोथेरपी ठरली असेल तर हाच प्रश्न केमोच्या आधी, पहिल्याच भेटीत. असले प्रश्न विचारले की काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

दिवस राहिल्यावर

पाळी चुकल्यावर चाचणी दोन रेघा दाखवते, त्यानंतर सहाव्या-सातव्या आठवड्यात एक सोनोग्राफी लवकर करून घ्या, गर्भ पिशवीतच आहे ना ते बघायला. ओव्हरी एकच असल्याने ट्यूबमध्ये गर्भ राहण्याचा धोका वाढत नाही. ट्यूबवर शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग किंवा आधीचा तसा प्रसंग असेल तर वाढतो. एका बाजूला दुखणं, थोडं रक्त जाणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर. यातलं काही झालं तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नका.

पहिल्या सोनोग्राफीत ओव्हरीवर दोन-तीन सेंटिमीटरची एक गाठ दिसेल आणि तुमचा जीव वरखाली होईल. ती कॉर्पस ल्युटियम. बीज जिथून बाहेर पडलं तिथेच ती तयार होते आणि गर्भाला लागणारं प्रोजेस्टेरॉन पुरवते. सातव्या ते दहाव्या आठवड्यात हे काम वार आपल्याकडे घेते आणि ती आक्रसत जाते. दोन ओव्हरी असतानाही हे काम एकच ओव्हरी करत असते, त्यामुळे केवळ एक ओव्हरी आहे म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लागतातच असं नाही. पण पहिल्या दहा आठवड्यांत काही कारणाने त्या ओव्हरीवर ऑपरेशन करावं लागलं तर बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं, हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. पिळाचा धोका याच पहिल्या तिमाहीत जास्त, इंजेक्शनं घेतली असतील तर आणखी.

त्यानंतर पुढचे महिने इतरांसारखेच. ओव्हरी काढताना पिशवीला चीर दिलेली नसते, त्यामुळे 'आधी पोटाचं ऑपरेशन झालंय' म्हणून सिझेरियन करायचं, याला अर्थ नाही. गाठीबरोबर पिशवीतूनही काही काढलं असेल तर मात्र तो ऑपरेशन नोट्सचा कागद दाखवा. दुसऱ्याच कारणाने सिझेरियन झालं तर सर्जनना आधीच सांगून ठेवा की आत गेलाच आहात तर ओव्हरी आणि ट्यूब बघून नोट्समध्ये लिहा.

दुसरं मूल हवं असेल तर ते वर्षभर लवकर येणारं वळण इथे हिशेबात घ्यायचं. पहिलं तिशीच्या पुढे झालं असेल तर 'बघू चार-पाच वर्षांनी' म्हणण्याआधी एकदा फॉलिकलची मोजणी करून घ्या. २८ दिवसांचं चक्र २४-२५ वर यायला लागलं तर तो साठा उतरणीला लागल्याचा इशारा असू शकतो. चाळिशीच्या आत पाळी तीन-चार महिने गायब झाली, आणि दिवस गेलेले नाहीत, तर एफएसएच तपासा. २५ च्या वर आलं तर वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा, आणि जाताना ती फाइल घेऊन जा.